मुंबईसाठी खुर्ची सोडणारे सी. डी. देशमुख आणि कोलंबो योजनेची गोष्ट

भिवंडी तालुक्यातल्या काल्हेरहून खाडी ओलांडली की ठाणे लागतं आणि ठाण्याच्या पुढे मुंबई. भिवंडीच्या मागांवर विणलेलं कापड मुंबईच्या बाजारात जायचं, खाडीची रेती मुंबईच्या इमारतींना लागायची आणि हाताला काम हवं असेल तर माणूसही मुंबईचाच रस्ता धरायचा.

१६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी रेडिओवरून एक घोषणा केली. महाराष्ट्र आणि गुजरात अशी वेगळी राज्यं होतील आणि मुंबई शहर केंद्राच्या कारभाराखाली राहील. म्हणजे काल्हेर, भिवंडी, कल्याण महाराष्ट्रात, आणि ज्या शहराच्या जिवावर या सगळ्या पट्ट्याची चूल पेटते ते शहर दिल्लीच्या हाताखाली. मुंबईत लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, माणसं मेली. आणि दिल्लीत देशाच्या अर्थमंत्र्यांनी राजीनामा पुढे केला.

त्यांचं नाव चिंतामण द्वारकानाथ देशमुख. बहुतेक लोक त्यांना रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून ओळखतात. मुंबईसाठी मंत्रिपद सोडणारा मराठी माणूस म्हणूनही त्यांची आठवण काढली जाते. या दोन ओळखींच्या मधली काही वर्षं मात्र सहसा सांगितली जात नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर देशादेशांनी एकत्र येऊन मागास भागांचा विकास करायचा, ही कल्पना आशियात कोलंबो योजनेच्या रूपाने उतरली. तेव्हा भारताच्या हिशेबाची वही देशमुखांच्या हातात होती. त्या वहीत एक विचित्र नोंद होती. भारताला मदत म्हणून जे मिळणार होतं, त्यातला मोठा भाग भारताचाच पैसा होता.

ते कसं, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, महाडजवळच्या नाते गावचा. रायगड किल्ल्याच्या वाटेवरचं हे गाव. वडील रोह्याला वकिली करायचे. मुलगा हुशार निघाला, पण किती हुशार ते १९१२ साली कळलं. मॅट्रिकच्या परीक्षेत तो मुंबई विद्यापीठात पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यानेच घेतली. पुढे केंब्रिजला जीझस कॉलेजात गेला. तिथे वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र हे विषय घेतले आणि वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक मिळवलं. अर्थशास्त्राचा तिथे पत्ताच नव्हता. १९१८ साली आयसीएसची परीक्षा दिली, त्यातही पहिला.

मग वीसेक वर्षं मध्य प्रांत आणि वऱ्हाडात नोकरी. महसूल, जमाबंदी, अर्थखातं. दुसऱ्या गोलमेज परिषदेच्या सचिवमंडळातही त्यांनी काम केलं. हा काळ फार गाजावाजाचा नाही, पण गावचा पैसा कुठून येतो आणि कुठे मुरतो हे त्यांनी इथे जवळून पाहिलं.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले. आधी सरकार आणि बँक यांच्यातला दुवा म्हणून, मग संचालक मंडळाचे सचिव, १९४१ ला डेप्युटी गव्हर्नर आणि ११ ऑगस्ट १९४३ पासून गव्हर्नर. या खुर्चीवर बसणारे ते पहिले भारतीय. वेळ मात्र वाईट होती. महायुद्ध ऐन भरात होतं, बंगालमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती आणि बाजारात महागाई भडकली होती.

या महागाईची एक मुळी थेट रिझर्व्ह बँकेपर्यंत पोचत होती. युद्धासाठी इंग्लंड भारतातून कापड, धान्य, पोलाद, ताग असं सगळं उचलत होतं. त्याची किंमत इंग्लंड लंडनमध्ये भारताच्या खात्यावर पौंडात जमा करायचं. ते पौंड तारण धरून रिझर्व्ह बँक इथे रुपयाच्या नोटा काढायची आणि त्या नोटांतून व्यापाऱ्यांना, कारखान्यांना पैसे मिळायचे. माल देशाबाहेर गेला आणि देशात फक्त नोटा वाढल्या. मग भाव वाढणार नाहीत तर काय? लंडनच्या खात्यातले हे पौंड म्हणजे स्टर्लिंग शिल्लक. युद्ध संपेपर्यंत हा आकडा सतराशे कोटी रुपयांच्या आसपास गेला. गरीब भारत कागदोपत्री इंग्लंडचा सावकार झाला होता. मात्र हे पैसे इंग्लंडच्या परवानगीशिवाय काढता येत नव्हते.

जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्स या डोंगराळ गावातल्या एका हॉटेलात ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. युद्धानंतर जगाचा पैसा कसा चालायचा हे ठरवण्यासाठी. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या दोन्ही संस्था याच बैठकीतून जन्मल्या. भारत तेव्हा स्वतंत्र नव्हता, शिष्टमंडळाचे प्रमुख होते व्हाइसरॉयच्या कौन्सिलातले इंग्रज अर्थ सदस्य जेरेमी रेझमन. पण त्यांच्यासोबत देशमुख, षण्मुखम चेट्टी आणि मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते, आणि ही माणसं इंग्लंडच्या री ला री ओढायला गेली नव्हती.

भारताच्या बाजूने तीन गोष्टी मांडल्या गेल्या. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत मागासलेल्या देशांच्या विकासाची दखल घ्यावी. भारताचा कोटा त्याच्या आकाराला शोभेल असा असावा. आणि अडकलेले स्टर्लिंग सोडवण्यासाठी काही आंतरराष्ट्रीय व्यवस्था व्हावी.

तिसऱ्या मागणीवर नकार मिळाला. हे प्रकरण इंग्लंड आणि त्याच्या धनकोंनी आपसात मिटवायचं आहे, अशी भूमिका केन्सनी घेतली आणि तीच टिकली. पहिल्या मागणीबाबत भारताला हवे तसे स्पष्ट शब्द आले नाहीत, पण सर्व सभासद देशांच्या उत्पादक साधनांचा विकास हा उल्लेख उद्दिष्टांत आला. कोटा ४० कोटी डॉलर मिळाला, म्हणजे सहाव्या क्रमांकाचा. पुढे रशिया नाणेनिधीत आलाच नाही, त्यामुळे भारत पहिल्या पाचांत गेला आणि संचालक मंडळात त्याला हक्काची जागा मिळाली. अजून स्वातंत्र्य न मिळालेल्या देशासाठी ही लहान गोष्ट नव्हती.

देशमुख नंतर बरीच वर्षं या दोन्ही संस्थांच्या गव्हर्नर मंडळावर भारताचे प्रतिनिधी राहिले. १९५० साली पॅरिसला झालेल्या संयुक्त वार्षिक सभेचे ते अध्यक्ष होते.

स्टर्लिंगचं काय झालं? स्वातंत्र्यानंतर इंग्लंडशी वाटाघाटी झाल्या. १९४८ च्या करारात भारतात उरलेल्या इंग्रजी लष्करी सामानाची किंमत आणि निवृत्त इंग्रज अधिकाऱ्यांच्या पेन्शनसाठीची ठोक रक्कम या शिलकीतून वळती झाली. पाकिस्तानचा हिस्सा वेगळा निघाला. धान्याच्या आयातीनेही खातं पोखरलं. जे उरलं ते थोडं थोडं सोडायचं ठरलं. दुकानदाराकडे ठेव ठेवावी आणि त्याने महिन्याला चार आणे परत करावेत, तसा हा प्रकार.

आता येऊया कोलंबोकडे.

जानेवारी १९५० मध्ये राष्ट्रकुल देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांची बैठक सिलोनच्या राजधानीत भरली. भारताकडून स्वतः नेहरू होते, इंग्लंडचे अर्नेस्ट बेविन, कॅनडाचे लेस्टर पिअर्सन, ऑस्ट्रेलियाचे पर्सी स्पेंडर आणि यजमान सिलोनचे जे. आर. जयवर्धने. चीनमध्ये नुकतीच कम्युनिस्ट क्रांती झाली होती. आशियातली गरिबी तशीच राहिली तर उरलेले देशही त्याच वाटेने जातील, ही भीती गोऱ्या देशांना होती. आशियातल्या नव्या देशांना पैसा आणि तंत्रज्ञान हवं होतं, पण कुणाच्या गटात जायचं नव्हतं. दोघांच्या गरजा जुळल्या. मे महिन्यात सिडनीला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लंडनला सल्लागार समितीच्या बैठका झाल्या आणि नोव्हेंबर अखेरीस दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या सहकारी आर्थिक विकासाची योजना छापून आली. तीच कोलंबो योजना.

देशमुख या मधल्या काळातच अर्थमंत्री झाले. नव्याने नेमलेल्या नियोजन आयोगाच्या अधिकारांवरून जॉन मथाईंचं नेहरूंशी बिनसलं, त्यांनी अर्थखातं सोडलं आणि १९५० च्या जूनमध्ये ते देशमुखांकडे आलं. देशमुख नियोजन आयोगाचे सभासदही होते. म्हणजे योजना आखणारं टेबल आणि तिला पैसा देणारं टेबल, दोन्हीकडे तेच. कोलंबो योजनेसाठी प्रत्येक देशाने आपला सहा वर्षांचा कार्यक्रम द्यायचा होता. खाती संभाळून चार महिनेही झाले नव्हते तोवर लंडनची बैठक आली होती.

आकडे पाहिले की भारताचं वजन कळतं. सगळ्या देशांचे कार्यक्रम मिळून १८६.८ कोटी पौंडांचे होते. त्यात भारताचा वाटा १३७.९ कोटी, पाकिस्तानचा २८ कोटी, सिलोनचा १०.२ कोटी आणि उरलेला मलाया व ब्रिटिश बोर्निओचा. भारताचा एकट्याचा आकडा जवळपास तीन-चतुर्थांश. रुपयांत साधारण १८४० कोटी. त्यातला मोठा खर्च शेती, पाटबंधारे, वीज आणि वाहतुकीवर होता. हीच मांडणी पुढे पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या पायाला वापरली गेली.

भारताच्या १३७.९ कोटींपैकी ८१.८ कोटी पौंड देशाबाहेरून येतील असं धरलं होतं. इथेच ती विचित्र नोंद आहे. इंग्लंडने कबूल केलं होतं की भारताच्या अडकलेल्या शिलकीतून दर वर्षी साडेतीन कोटी पौंड सहा वर्षं सोडले जातील. म्हणजे २१ कोटी. बाहेरून येणाऱ्या पैशातला सुमारे चौथा हिस्सा हा युद्धात भारताने दिलेल्या मालाचाच मोबदला होता, दहा वर्षं उशिरा आलेला.

हे ध्यानात घेतलं तर देशमुखांचा परदेशी मदतीबद्दलचा थंडपणा समजतो. ते मदत नको म्हणणारे नव्हते. १९४९ मध्ये नेहरूंनी त्यांना अमेरिका-युरोपसाठी खास आर्थिक दूत नेमलं होतं आणि अमेरिकेकडून गव्हाच्या कर्जाची पहिली बोलणी त्यांनीच केली होती. पण पाहुणा आला तर चार पदार्थ वाढू, नाही आला तर घरची भाकरी आहेच, अशा बेताने ते अर्थसंकल्प मांडायचे. पहिली पंचवार्षिक योजना संपली तेव्हा प्रत्यक्षात वापरलेली परदेशी मदत एकूण खर्चाच्या सुमारे दहा टक्केच होती.

कोलंबो योजनेची घडणही अशा माणसाला पटण्यासारखी होती. तिची मोठी तिजोरी नव्हती, कर्ज देणारी बँक नव्हती. सल्लागार समिती वर्षातून एकदा भेटायची, प्रत्येक देश आपला कार्यक्रम मांडायचा आणि मग देणारा व घेणारा देश आपसात ठरवायचे. तंत्रज्ञांच्या देवाणघेवाणीसाठी कोलंबोत एक परिषद आणि छोटं कार्यालय होतं. यात घेणाराही टेबलाशी बसलेला असायचा. भारत तर शेजारी देशांच्या विद्यार्थ्यांना आपल्याकडे प्रशिक्षणही द्यायचा, म्हणजे घेता घेता देणाराही होता. सुरुवात राष्ट्रकुलापासून झाली तरी अमेरिका १९५१ मध्ये आणि जपान १९५४ मध्ये आत आले. १९५३ साली समितीची बैठक दिल्लीत भरली तेव्हा यजमान देशाचे अर्थमंत्री देशमुखच होते.

कागदावरची ही योजना जमिनीवर कशी उतरली? एक उदाहरण मोठं मजेदार आहे. कॅनडाने भारताला गहू दिला. सरकारने तो इथल्या लोकांना रुपयांत विकला. ते रुपये एका वेगळ्या खात्यात ठेवले आणि त्यातून दोन्ही देशांच्या संमतीने मयूराक्षी नदीच्या धरणाला पैसे दिले. गहू खाल्ला गेला आणि धरणही झालं. मसानजोरच्या त्या धरणाला लोक आजही कॅनडा धरण म्हणतात. न्यूझीलंडच्या दहा लाख पौंडांच्या देणगीतून दिल्लीच्या एम्सची उभारणी सुरू झाली.

मुंबई राज्याच्या वाट्यालाही काही आलं. कॅनडाच्या पहिल्या वर्षाच्या मदतीतला एक भाग राज्याच्या नव्या एसटी सेवेला वाहनं देण्यासाठी होता. आणि १९५६ च्या एप्रिलमध्ये करार झाला तो तुर्भ्याच्या, म्हणजे ट्रॉम्बेच्या अणुभट्टीचा. हीसुद्धा कॅनडाने कोलंबो योजनेखालीच दिली.

या करारावर सह्या झाल्या तेव्हा ट्रॉम्बे उद्या कुणाचं असेल हेच ठरलेलं नव्हतं.

देशमुख १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेत निवडून आले होते. ते पक्षकारणातले नव्हते, भाषणबाज तर अजिबात नव्हते. त्या काळात त्यांचं काम जोरात चाललं होतं. १ जुलै १९५५ ला इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९ जानेवारी १९५६ ला आयुर्विमा सरकारच्या ताब्यात घेण्याचा वटहुकूम आला. तारीख पाहा. मुंबईच्या घोषणेनंतर तिसऱ्या दिवशी. एकीकडे मुंबई पेटली होती, राजीनाम्याची भाषा झाली होती आणि त्याच आठवड्यात हा माणूस देशातल्या विमा कंपन्या सरकारजमा करण्याचं काम नेटाने पार पाडत होता.

राजीनामा लगेच स्वीकारला गेला नाही. देशमुख अर्थसंकल्प मांडण्यापुरते थांबले. तोडगा निघेल अशी आशा होती. तो निघाला नाही, आणि २५ जुलै १९५६ रोजी त्यांनी लोकसभेत उभं राहून आपली कारणं सांगितली. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता घेतला गेला, हा त्यांचा पहिला आक्षेप. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नाकारली जाते, हा दुसरा. नेहरूंच्या कामाच्या पद्धतीवर त्यांच्याच अर्थमंत्र्याने सभागृहात असं बोलणं तेव्हा धक्कादायक होतं. नेहरूंनी आरोप मान्य केले नाहीत. त्यांच्या जागी टी. टी. कृष्णम्माचारी आले.

मराठी माणसाने या राजीनाम्याकडे अस्मितेच्या नजरेने पाहिलं, आणि त्यात चूक काही नाही. पण राजीनामा देणारा माणूस हिशेबाचा होता. शहर आणि त्याच्या भोवतीचा मुलूख यांचं नातं देणंघेणंचं असतं. मुंबईत कर गोळा होणार, बंदर चालणार, गिरण्या चालणार, आणि तिला कामगार, पाणी, कापड, भाजी पुरवणारा ठाणे-कुलाब्याचा पट्टा दुसऱ्याच सरकारात. तानसा आणि वैतरणेचं पाणी ठाणे जिल्ह्यातूनच मुंबईला जात होतं, आजही जातं. आपल्या मालाची किंमत दुसऱ्याच्या तिजोरीत अडकली की काय होतं, हे स्टर्लिंगच्या प्रकरणात देशमुखांनी दहा वर्षं पाहिलं होतं.

१९५६ च्या ऑगस्टमध्ये संसदेने तो बेत बदलला. मुंबई केंद्राकडे न ठेवता मराठी आणि गुजराती प्रदेशांचं मोठं द्वैभाषिक राज्य केलं गेलं, ते १ नोव्हेंबरला आलं. त्यानेही कुणाचं समाधान झालं नाही. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आणखी पेटली आणि १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. त्यानंतर दहा आठवड्यांनी, १० जुलै १९६० रोजी, ट्रॉम्बेची कॅनडाने दिलेली अणुभट्टी सुरू झाली. ती आता महाराष्ट्राच्या राजधानीत होती.

देशमुख तोवर दुसऱ्याच कामात होते. मंत्रिपद सोडल्यावर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दिल्लीचं इंडिया इंटरनॅशनल सेंटर उभं करण्यातही त्यांचा मोठा हात होता. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठीत अनुवाद केला, मॅट्रिकचं संस्कृत असं कामी आलं. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढवली, तिसरे आले. गिरी आणि रेड्डी यांच्या त्या गाजलेल्या लढतीत तिसरा उमेदवार कोण होता हे आता फारसं कुणाला आठवत नाही.

त्यांचं पहिलं लग्न इंग्लंडमध्ये रोझिना यांच्याशी झालं होतं, त्या १९४९ मध्ये वारल्या. २२ जानेवारी १९५३ ला त्यांनी दुर्गाबाईंशी लग्न केलं. त्या घटना समितीच्या सभासद आणि नियोजन आयोगातल्या सहकारी. केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा. उतारवयात दोघं हैदराबादला राहिले. १९७५ मध्ये देशमुखांना पद्मविभूषण मिळालं. दुर्गाबाई १९८१ मध्ये गेल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादलाच देशमुखांचं निधन झालं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९८० मध्ये, सहा वर्षांसाठी सुरू झालेली कोलंबो योजना सभासद देशांनी कायमची केली होती.